अंतर्जात रेट्रोव्हायरस आणि कर्करोग

अंतर्जात रेट्रोव्हायरस म्हणजे लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या बीजपेशींत शिरून त्यांच्या डीएनएचा कायमचा भाग बनलेल्या विषाणूंचे अवशेष होत. मानवी जिनोमचा सुमारे ८ टक्के भाग अशा अवशेषांनी व्यापलेला आहे. प्रथिनांचा आराखडा ज्या भागात असतो तो मात्र जेमतेम १ ते २ टक्के भरतो. हे अवशेष संसर्गाने जडत नाहीत. ते आईवडिलांकडून वारशाने येतात आणि प्रत्येक मनुष्यात असतात. निरोगी पेशीत बहुतांशी निद्रिस्त असलेले हे अवशेष अनेक अर्बुदांत जागृत झालेले आढळतात. ही जागृती कर्करोगाचे कारण आहे की परिणाम, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

स्वरूप

रेट्रोव्हायरसची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर तिची डीएनए प्रत तयार होऊन ती यजमानाच्या गुणसूत्रात गुंफली जाते. एचआयव्ही हे काम रक्तातील पेशींत करतो, म्हणून त्याची प्रत वंशपरंपरेने पुढे जात नाही. बीजपेशीत गुंफलेली प्रत मात्र पुढच्या पिढीत उतरते. कालांतराने उत्परिवर्तनांमुळे या प्रती निकामी झाल्या. बहुतेक ठिकाणी विषाणूची केवळ टोके उरली आहेत. या टोकांत शेजारचे जनुक चालू-बंद करणारी कळ असते आणि कर्करोगाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. सर्वच अवशेष निरुपयोगी नाहीत: गर्भारपणात वार तयार होण्यास आवश्यक असलेले सिन्सिटिन हे प्रथिन अशाच एका विषाणूच्या आवरणाचे जनुक आहे त्यापासून बनते.

मुंबईतील संशोधन

अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले की, कर्करोगप्रवण जातीच्या उंदरांची पिल्ले दुसऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवल्यास त्यांच्यातील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातला हा घटक म्हणजे उंदरांतील स्तन-अर्बुद विषाणू होय. तो दुधातून पसरतो, तसेच उंदरांच्या जिनोममध्ये वारसारूपानेही आढळतो. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी उंदरांवर प्रदीर्घ काम केले. कर्करोगप्रवणता आणि संप्रेरके व अर्बुद-विषाणू यांची परस्परक्रिया यांचा संबंध प्रथम ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. या विषाणूच्या टोकांतील कळ संप्रेरकांनी चालते, हे पुढे रेण्वीय पातळीवरही दिसून आले.

हाच प्रकार मानवात असेल काय? स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या आणि समाजांतर्गत विवाह करणाऱ्या मुंबईच्या पारशी समाजाकडे त्यामुळे लक्ष वळले. डॅन मूर व सहकारी यांनी मुंबईच्या सत्यवती शिरसाट, जे. सी. पेमास्टर आदींसह १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तपासलेल्या पारशी स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या दुधात विषाणूसदृश कण आढळले. कुटुंबात हा रोग नसलेल्या अमेरिकन स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. परंतु कण दिसणे आणि त्यांनी रोग होणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि आईच्या दुधातून हा कर्करोग मुलीकडे जातो हे मानवात सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपान आईस संरक्षक ठरते. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणात प्रत्येक १२ महिन्यांच्या स्तनपानामागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अनेक कुटुंबांत आजही ऐकू येणारी शंका म्हणून हे येथे नमूद करणे इष्ट आहे.

मानवी अवशेषांपैकी एका अलीकडच्या गटास 'एचएमएल-२' म्हणतात. उंदरांच्या वरील विषाणूशी साम्य असल्याने हे नाव पडले.

कर्करोगातील कार्यपद्धती

निरोगी पेशी डीएनएवर मिथिल गट चढवून हे अवशेष दडपून ठेवते. अर्बुदात ही व्यवस्था ढिली पडते. हॉजकिन लिंफोमामध्ये अशाच एका जागृत टोकामुळे 'सीएसएफ१आर' हे जनुक भलत्याच पेशीत चालू होते आणि त्या पेशी तग धरतात, असे २०१० मध्ये आढळले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात 'एलटीआर१०' गटातील टोके सक्रिय असतात. त्यांपैकी एक टोक काढून टाकल्यावर अर्बुदपेशी किरणोत्साराला अधिक संवेदनशील झाल्याचे २०२४ मधील प्रयोगांत दिसले. येथे विषाणू नव्याने निर्माण होत नाही, त्याची जुनी कळ तेवढी वापरली जाते. तथापि बहुसंख्य जागृत अवशेष रोगाचे केवळ सोबती असावेत.

उपचारांतील उपयोग

मिथिल गट उतरवणाऱ्या ॲझासायटिडीनसारख्या औषधांनी हे अवशेष जागे होतात. त्यांच्या दुहेरी आरएनएमुळे पेशीला विषाणूसंसर्ग झाल्याचा भास होतो आणि ती रोगप्रतिकारक यंत्रणेला हाक देते. २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हे दाखवले आणि या क्रियेला 'विषाणू-अनुकरण' असे नाव मिळाले. फुप्फुसाच्या कर्करोगात अंतर्जात रेट्रोव्हायरसच्या आवरणाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे प्रतिरक्षा-उपचाराच्या यशास हातभार लावतात, असे लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळले.