१६ एप्रिल : धुक्यातून खाडीपार
अमेरिकी पत्रकार हॅरिएट क्विम्बी यांनी १९१२ मध्ये आजच्याच दिवशी एकटीने विमान चालवत इंग्लिश खाडी ओलांडली. असे करणाऱ्या त्या पहिल्याच महिला. पहाटे डोव्हरहून उड्डाण, ब्लेरिओ बनावटीचे उघडे विमान, अंगात जांभळा साटिनचा पोशाख आणि कडाक्याची थंडी म्हणून कमरेला बांधलेली गरम पाण्याची पिशवी! चहूकडे नुसते धुके. भरवसा होकायंत्राचा, तेही नुकतेच वापरायला शिकलेले. तासाभराने त्या उतरल्या, पण फ्रान्समधल्या कॅलेऐवजी हार्देलोच्या किनाऱ्यावरच्या वाळूवर. स्वागताला धावले ते कोळी. वर्तमानपत्रांना कुठली सवड? आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडाली होती. त्याच वर्षी १ जुलैला बॉस्टनजवळ विमानातून बाहेर फेकल्या जाऊन क्विम्बी गेल्या, वय ३७.