लेखणी कोणाच्या हाती? संकेतस्थळ-संपादनाच्या सोप्या साधनांचा इतिहास

महाजालाचा इतिहास सांगताना बहुधा वाचकाची गोष्ट सांगितली जाते: किती लोकांना किती माहिती घरबसल्या मिळू लागली. लिहिणाऱ्याची गोष्ट मागे पडते. त्यातही ज्याला संगणकशास्त्रातले काही कळत नाही, पण ज्याच्या नावाने संकेतस्थळ चालते, त्या माणसाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ग्रंथालयाचे कार्यवाह, छोट्या प्रकाशनसंस्थेचे चालक, महाविद्यालयातील विभागप्रमुख हे असे धनी. पान त्यांचे, मजकूर त्यांचा, जबाबदारीही त्यांचीच. पण व्याख्यानाची तारीख बदलली तर ती पानावर बदलण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहावी लागे. ही परावलंबिता संपवण्यासाठी जी साधने निघाली त्यांचा इतिहास आम्हांला येथे मांडायचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. लेखक, लेखनिक, जुळारी आणि संपादक यांच्यात मजकुरावरचा अधिकार कसा वाटला जातो, हाच या इतिहासाचाही मुख्य प्रश्न आहे.

या इतिहासाचा आरंभ अनपेक्षित आहे. जीनिव्हाजवळच्या 'सर्न' या भौतिकशास्त्रीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपली कल्पना लेखी मांडली आणि १९९०च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर 'वर्ल्डवाइडवेब' नावाची आज्ञावली तयार केली. जगातला हा पहिला न्याहाळक, म्हणजे ज्याला आज आपण सर्रास ब्राउझर म्हणतो तो. पण तो केवळ न्याहाळक नव्हता. तो संपादकही होता. ज्या खिडकीत पान वाचायचे त्याच खिडकीत ते लिहायचे, मजकूर निवडून त्याला दुवा जोडायचा, अशी त्याची रचना होती. एचटीएमएल या खूणभाषेतील कंसबद्ध खुणा लेखकाने स्वतः टंकाव्यात, अशी बर्नर्स-ली यांची अपेक्षाच नव्हती. त्या खुणा यंत्राने यंत्रासाठी राखायच्या होत्या. म्हणजे तंत्र न जाणणाऱ्याने सहज लिहावे हा विचार मागाहून सुचलेला नाही. तो मूळ आराखड्यातच होता.

मग तो हरवला कसा? कारण साधेच होते. नेक्स्टचे संगणक महाग आणि दुर्मीळ होते. इतर संगणकांवरही महाजाल पोहोचावे म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने सर्नमध्ये ओळीओळीने मजकूर दाखवणारा एक न्याहाळक लिहिला. तो कोणत्याही यंत्रावर चाले, पण त्यात फक्त वाचता येई. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅक' तयार केला. चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दाखवणाऱ्या या न्याहाळकाने महाजाल लोकप्रिय केले, पण तोही वाचण्यापुरताच होता. लेखनाची सोय वगळणे हा कोणाचा कट नव्हता. निरनिराळ्या यंत्रांवर चालणारा संपादक लिहिणे फार कष्टाचे होते आणि वाचणाऱ्यांची गर्दी थांबायला तयार नव्हती. या हरवलेल्या संपादनाची खंत बर्नर्स-ली यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'वीव्हिंग द वेब' या पुस्तकात व्यक्त केली आहे. वाचन आणि लेखन पुन्हा एकत्र आणणारा 'अमाया' हा न्याहाळक १९९६ पासून फ्रान्समधील संशोधकांच्या मदतीने विकसित झाला खरा, पण सामान्यांच्या हाती तो कधी गेला नाही.

लेखन आणि वाचन यांची अशी ताटातूट झाल्यावर मधल्या जागेत एक नवा वर्ग उभा राहिला. त्याचे 'वेबमास्टर' हे नावच बोलके आहे. एक तारीख बदलायची तर आधी मूळ धारिका आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, खुणांच्या जंगलातून ती ओळ शोधायची, एकही कंस न मोडता ती बदलायची आणि धारिका पुन्हा सर्व्हरवर चढवायची. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने उलट्या अक्षरांत मजकूर वाचावा तसेच हे कौशल्य होते. फरक एवढाच की जुळाऱ्याकडून येणारे मुद्रित लेखकाला तपासता येई, त्याच्या समासात दुरुस्त्या करता येत. येथे मात्र लेखकाच्या हाती समासही नव्हता.

या अडचणीवर एक सुरुवातीचा व्यापारी उपाय 'फ्रंटपेज'च्या रूपाने आला. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या अमेरिकेतील लहानशा कंपनीने तो १९९५ साली बाजारात आणला. जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. कार्यालयातले पत्र टंकावे तसे पान टंकायचे आणि जे पडद्यावर दिसेल तेच प्रसिद्ध होईल, असे त्याचे आश्वासन होते. ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. कधी पान न लिहिलेल्यांनी पाने लिहिली. परंतु लेखणीबरोबर येथे मांडणीची, रंगांची आणि पानाच्या सांगाड्याचीही पूर्ण मुखत्यारी मिळत होती. जाणकाराने काळजीपूर्वक रचलेले पान धन्याने एकदा उघडून जतन केले की त्याची घडी विस्कटण्याची भीती असे. शिवाय हे साधन पडद्याआड अनावश्यक खुणांचा पसारा करी. त्यामुळे रचनाकार आणि धनी यांच्यात एक मूक भांडण सुरू झाले. एकाला पान अभंग राहायला हवे होते. दुसऱ्याला ते आजच्या तारखेचे हवे होते. दोघांचेही म्हणणे रास्त होते.

या भांडणावर मॅक्रोमीडिया कंपनीने २००२ साली आणलेले 'कॉन्ट्रिब्यूट' हे साधन आम्हांला या इतिहासातले सर्वांत अर्थपूर्ण वळण वाटते. याच कंपनीचे 'ड्रीमवीव्हर' हे व्यावसायिक रचनाकारांचे साधन १९९७ पासून प्रचारात होते. त्यात रचनाकार पानाचा एक साचा करी आणि त्यातील ठरावीक भाग 'संपादनास खुले' म्हणून खुणावून ठेवी. उरलेले सारे कुलूपबंद. कॉन्ट्रिब्यूट हे कुलूप पाळत असे. धन्याने नेहमीसारखे पान न्याहाळायचे, संपादनाची कळ दाबायची, खुल्या भागात मजकूर बदलायचा आणि प्रसिद्ध करायचे. तो लिहीत असताना त्याच पानावर दुसऱ्याला लिहिता येत नसे. कोणी कोणते पान बदलावे, अक्षराचा आकार बदलण्याची मुभा असावी की नाही, हे व्यवस्थापक ठरवी आणि धन्याकडे जोडणीची एक सांकेतिक किल्ली विरोपाने पाठवी. किल्ली हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. त्या धारिकेचे नावच ते होते.

येथे मजकूर आणि रूप यांच्यामध्ये एक स्पष्ट कुंपण पडले. अमुक ओळी तुझ्या, बाकीचे माझे. हा विचार मराठी वाचकाला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत असा इशारा देऊन ठेवला. पाठ एकदा नीट लावल्यावर त्याला कुलूप घालण्याची गरज हस्तलिखितांच्या जगातही भासली होतीच. पण एकनाथांचे कुलूप नैतिक होते. ते मानणे न मानणे लेखनिकाच्या श्रद्धेवर अवलंबून होते. कॉन्ट्रिब्यूटचे कुलूप यांत्रिक होते, आणि किल्ली कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार धन्याकडे नसून पुष्कळदा त्याने पैसे देऊन नेमलेल्या रचनाकाराकडे होता. लेखणी परत मिळाली, पण तिला दोरी बांधून.

याच्या नेमका उलट विचार आधीच जन्मला होता. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी 'विकिविकिवेब' हे स्थळ सुरू केले. त्याच्या प्रत्येक पानाखाली संपादनाचा दुवा होता आणि तो येईल त्या प्रत्येकाला खुला होता. खूणभाषेऐवजी काही साधे संकेत पुरत. परिच्छेद पाडायचा तर एक ओळ रिकामी सोडायची. हीच रीत पुढे १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने उचलली. १९९९च्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या कंपनीने 'ब्लॉगर' आणले आणि एकट्या लेखकाला न्याहाळकातल्या एका चौकटीत लिहून प्रसिद्ध करण्याची सोय झाली. मे २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी 'बीटू' या आधीच्या मुक्त आज्ञावलीवरून 'वर्डप्रेस'ची पहिली आवृत्ती काढली. ते अनुदिनीसाठी जन्मले, पण हळूहळू संस्थांची आणि दुकानांची संकेतस्थळेही त्यावर उभी राहिली.

तांत्रिकदृष्ट्या येथे एक मोठा बदल झाला होता. पान ही आता सर्व्हरवर ठेवलेली धारिका राहिली नव्हती. मजकूर विदागारात, रूप साच्यात आणि दोहोंची गाठ वाचकाने पान मागितले की त्या क्षणी. दरम्यान न्याहाळकातच अक्षरे ठळक वा तिरकी करता येऊ लागली. इंटरनेट एक्सप्लोररच्या २०००च्या ५.५ या आवृत्तीत पानाचा कोणताही भाग संपादनक्षम करण्याची सोय आली, मोझिलानेही तशी सोय केली, आणि 'टायनीएमसीई'सारख्या संपादनपट्ट्या तिच्यावर उभ्या राहिल्या. दहा वर्षांपूर्वी वगळलेली लेखणी अशा रीतीने न्याहाळकात परतली. वाचायचे त्याच जागी लिहायचे, हा १९९०चा विचार थोडा वाकडातिकडा होऊन का होईना, खरा ठरला.

मराठीपुरते पाहता मात्र या सोप्या साधनांचा दरवाजा आणखी काही काळ बंदच होता, आणि त्याचे कारण लिपी हे होते. 'शिवाजी', 'श्रीलिपी' आदी टंकांत लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून दाखवलेला असे. प्रत्येक टंकाची व्यवस्था वेगळी. तो मजकूर संपादनाच्या चौकटीत चिकटवला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते, पण विंडोज २०००च्या आधी सामान्य संगणकावर त्याचा उपयोग होत नव्हता. त्यानंतरही देवनागरी टंकायची कशी हा प्रश्न होताच. म्हणून 'मनोगत'सारख्या स्थळांनी २००४च्या सुमारास केलेली सोय महत्त्वाची ठरते: संपादनाच्या चौकटीतच रोमन कळा दाबाव्यात आणि समोर देवनागरी उमटावी. वेगळी आज्ञावली उतरवून घेणे नाही, टंक चढवणे नाही. इंग्रजीत सोपे साधन म्हणजे खुणा लपवणारे साधन. मराठीत सोपे साधन म्हणजे आधी अक्षर उमटवणारे साधन. परभाषेत रचलेल्या सोपेपणाची कल्पना आपल्याकडे जशीच्या तशी उतरत नाही, याचा हा ठळक पुरावा आहे.

पुढचा इतिहास कुंपण कोठे घालावे या वादाचा आहे. इंग्लंडमध्ये २००९ साली रेचल अँड्र्यू आणि ड्रू मॅक्लेलन यांनी 'पर्च' ही लहानशी प्रणाली काढली. तिच्यात रचनाकार आधी मजकुराचे घटक ठरवी: व्याख्यानाचे नाव, वक्ता, तारीख. धनी ते रकाने भरी, मांडणी साचा सांभाळी. उलट डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने आपल्या ५.० या आवृत्तीत 'गुटेनबर्ग' नावाचा संपादक आणला. त्यात पान म्हणजे ठोकळ्यांची रचना. ती लेखकानेच करायची. युरोपातील जंगम खिळ्यांच्या जनकाचे नाव देऊन लेखकाला पुन्हा जुळाऱ्याचे काम दिले गेले, असे त्यावर म्हणता येईल. रकान्यांत मजकूर सुरक्षित राहतो, पण रकान्यात न मावणारे काही सांगायचे असेल तर धनी अडतो. ठोकळ्यांत तो मोकळा असतो, पण पान बिघडण्याची जोखीमही त्याच्याकडे येते. या पेचातून पूर्ण सुटका करणारे साधन अद्याप निघालेले नाही, कारण हा पेच साधनाचा नसून अधिकाराचा आहे.

साधने अल्पायुषी असतात हेही ध्यानात घ्यायला हवे. फ्रंटपेज २००६ साली बंद झाले. मॅक्रोमीडिया २००५ साली अडोबीकडे गेली आणि कॉन्ट्रिब्यूटची विक्री २०१७ साली थांबली. ज्या 'जिओसिटीज'वर असंख्य हौशी लेखकांनी आपली पाने थाटली होती, ते जपान वगळता ऑक्टोबर २००९ मध्ये मिटले. सोपे साधन मजकूर लिहायला मदत करते. तो राखायला करीलच असे नाही.

म्हणूनच कोणत्याही संपादनसाधनाचे मोल ठरवताना ते किती सोपे आहे एवढेच विचारून भागणार नाही. पहिला प्रश्न: आपल्याच पानावरची चूक धन्याला स्वतः, आजच्या आज दुरुस्त करता येते का? दुसरा: दुरुस्तीपूर्वीचा पाठ कोठे राहतो? विकिपीडियावर पानाचा प्रत्येक पाठ तारखेसह राहतो. वर्डप्रेसने जुने पाठ जपण्याची सोय २००८च्या २.६ या आवृत्तीत आणली. हस्तलिखितात हरताळ फासला तरी खालचे अक्षर कधी कधी वाचता येते, आणि पाठभेदांवरच आपले निम्मे शास्त्र उभे आहे. संकेतस्थळावर मात्र पुसलेले अक्षर मागमूस न ठेवता जाऊ शकते. तिसरा प्रश्न सर्वांत साधा आहे: साधन बंद पडले तर मजकूर घेऊन बाहेर पडता येते का?

ज्या विद्यार्थ्यांना आपण पोथीतला लेखनिकाचा हस्तदोष ओळखायला शिकवतो, त्यांनाच उद्या एखाद्या संस्थेचे, नियतकालिकाचे किंवा स्वतःचे पान सांभाळावे लागेल. लेखणी त्यांच्या हाती सहज येईल. तिची दोरी कोणाच्या हाती आहे, हे पाहण्याची सवय मात्र त्यांना आपणच लावायला हवी.