भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा चौदा वर्षांचा. जेवण झाल्यावर मला गॅलरीत ओढून हळूच म्हणाला, "मामा, जिममधला एक दादा म्हणतो इंजेक्शन घे, तीन महिन्यांत बॉडी होते. घेऊ का?"

वर्गातली पोरं वीतभर उंच झालीयेत आणि हा अजून काडीपैलवान. च्यायला, मीही तसाच होतो. तालमीत जोर मारून मारून थकायचो, आरशात काडीचा फरक नाही.

"अजिबात नाही" म्हणून मोकळा झालो असतो, पण आमच्या जमातीला डेटा दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून त्याला एका फ्रेंच बापाची गोष्ट सांगितली.

गेनो द मोंबेयार हा बर्गंडीतला निसर्ग-अभ्यासक. 1759 साली त्याला मुलगा झाला आणि त्याने त्याची उंची मोजायला सुरुवात केली. साधारण दर सहा महिन्यांनी, पोरगा जवळजवळ अठरा वर्षांचा होईपर्यंत! (आपली स्टेटस शीट अठरा दिवस टिकत नाही. असो.) त्याचा मित्र ब्युफाँ याने हे आकडे 1777 मध्ये छापले. नुसता तक्ता, तोही जुन्या फ्रेंच फूट-इंचांत. 1927 मध्ये स्कॅमन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने ते सेंटीमीटरमध्ये बदलले.

आता गंमत अशी की नुसत्या उंचीचा आलेख काढला तर फार काही कळत नाही, एक रेघ वर जाताना दिसते. पण दर वर्षी किती वाढला ते काढा, म्हणजे आपलं फर्स्ट डेरिव्हेटिव्ह. तान्हेपणी वेग प्रचंड, मग वर्षानुवर्षं उतरता, आणि चौदाच्या आसपास एकदम उसळी, वर्षाला सुमारे 12 सेंटीमीटर! मग धाडकन खाली.

पण हा एकच मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर जेम्स टॅनरने लंडनजवळच्या हार्पेंडनमधल्या बालकाश्रमातली मुलं वर्षानुवर्षं मोजली, त्यांचे उघडे फोटो काढले. आईबाप जवळ नसलेली मुलं, त्यांना कोण विचारणार होतं? आज हे करू देणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे. पण आपले डॉक्टर अजूनही ज्या 'टॅनर स्टेज' वापरतात त्या तिथूनच आल्या. 1970 मध्ये मार्शल आणि टॅनर यांनी 228 मुलग्यांचा हिशोब मांडला. उसळीचं सरासरी वय 14 च्या आसपास, पण कुणाची बाराव्या वर्षी तर कुणाची जवळजवळ सोळाव्या! दोघंही नॉर्मल.

आणि क्रम ठरलेला. आधी पावलं वाढतात (ताई बुटांच्या खर्चावरून ओरडतेच आहे), मग पाय, मग धड. स्नायूंचा नंबर उंचीच्या मागून, आणि ताकद त्याच्याही नंतर. म्हणजे तालमीत माझं काही चुकत नव्हतं, मी फक्त रांगेत होतो.

इंजेक्शनची गोष्टही जुनीच. 1849 साली ग्योटिंगेनमध्ये बेर्टहोल्डने कोंबड्यांची वृषणं काढली, काहींच्या पोटात परत बसवली. त्या कोंबड्यांना तुरे फुटले, ते आरवायला लागले. म्हणजे रक्तातून काहीतरी जात होतं. ते 'काहीतरी' 1935 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलंही गेलं - टेस्टोस्टेरॉन. वाढत्या वयात बाहेरून टोचलं की स्नायू येतात खरे, पण हाडांच्या टोकांच्या वाढ-पट्ट्या वेळेआधी बंद होऊ शकतात. मग उंची संपली. शिवाय शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, तुझी उसळी कधी आली?"

घरी आल्यावर आईच्या स्वयंपाकघरातल्या दारामागे बघितलं. रंग दोनदा दिलाय, पण चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आणि बाबांच्या अक्षरातल्या तारखा अजून आहेत. दहावीची खुण आणि अकरावीची खुण यांत चांगली चार बोटं अंतर आहे. फोटो काढून त्याला पाठवला.

"म्हणजे अजून दोन वर्षं??" असा रिप्लाय आलाय.