दवंडीपासून भोंग्यापर्यंत



पूर्वी आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यांत संकटाची वर्दी कोतवाल देई. डफडे वाजले की चुलीपुढची बाईसुद्धा दाराशी येई. डफड्याने लक्ष वेधायचे आणि कोतवालाने तोंडाने बातमी सांगायची, अशी ती सोय होती.

पुढे गिरण्या आल्या. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल. त्यांच्या भोंग्यावर कामगारांच्या घरी भाकरी थापल्या जात. त्या गिरण्या आता बंद पडल्या. भोंग्याला शब्द नसतात. तरी त्याचा अर्थ घरोघर ठाऊक होता, कारण तो रोज वाजे.

विजेच्या भोंग्यात मोटार खाचांचे चाक गरगर फिरवते. खाचांतून हवा तुटक तुटक बाहेर पडते, तोच आवाज. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. अशा यंत्राला ‘सायरन’ हे नाव 1819 साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी दिले. युद्धाच्या काळासाठी खूण ठरली: चढता-उतरता सूर म्हणजे विमानांचा धोका, सलग एकच सूर म्हणजे धोका टळला. 1965 व 1971 च्या युद्धांत शहरांतून हे भोंगे वाजले. 7 मे 2025 च्या देशव्यापी सरावात ते पुन्हा ऐकू आले.

आपल्याकडे विमानापेक्षा पाण्याचे भय मोठे. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या महापुराने, वरुडजवळ नदीपलीकडे असलेल्या मोवाड गावात दोनशेंवर माणसे नेली. त्याच नदीवर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, त्याला तेरा दारे आहेत. धरणाची दारे उघडण्याआधी भोंगा वाजवून काठच्या लोकांना सावध करण्याची रीत आहे.

पण वारा उलट असला, टिनांवर पाऊस कोसळत असला, दारे लावलेली असली, तर भोंगा घरात पोचत नाही. वीज गेली तर विजेचा भोंगा मुकाच. म्हणून हाताने फिरवायचा भोंगाही जवळ असावा लागतो. आणि एकटी राहणारी, कानाने अधू झालेली आजी? तिला कोणता भोंगा उठवणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच. कोणत्या सुराचा काय अर्थ, हे पोराबाळांना आधीच शिकवून ठेवावे. आणि आपल्या गल्लीत कोणी कोणाचे दार ठोठवायचे, हे मंडळाने पावसाळ्यापूर्वी ठरवावे. भोंगा गावाला जागे करील. शेजारणीला मात्र आपणच हाक मारली पाहिजे.