पाइप ते दोन बादल्या

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात मोजक्याच गाड्या. माझी मारुती ८०० मी दर रविवारी पाइप लावून, कपड्यांच्या पावडरने घासायचो. चकाकी गेली ती त्यानेच! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या रविवारीही माझा पाइप चालूच. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं माहेर लातूरचं. त्या काही बोलल्या नाहीत, गॅलरीतून नुसत्या बघत राहिल्या. पुढच्या सभेत पाइपबंदीचा ठराव मीच मांडला. तेव्हापासून दोन बादल्या: एक शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला, म्हणजे त्यातली रेती परत गाडीवर घासली जात नाही. आधी टप, चाकं शेवटी. चरेही कमी पडतात. पाइप अजून माळ्यावर आहे.