डोकं कुणाच्या मालकीचं?

गेल्या रविवारी दादाकडे जेवायला गेले होते. (दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आणि अजूनही स्वतःच्या ॲक्टिव्हावरून मंडईत जाणारा!) जेवता जेवता कुठूनसा हेल्मेटचा विषय निघाला आणि दादा सरसावून बसला. "माझं डोकं माझं आहे. फुटलं तर माझं फुटेल. सरकारला त्यात नाक खुपसायचं काय कारण?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. वहिनीला तर ते पाठच झालंय. ती म्हणाली, "आधी ताक घ्या, मग डोकं फोडा."

खरं सांगायचं तर एके काळी मीही दादाच्याच बाजूची होते. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई जोरात सुरू केली, हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली आणि दादा मोर्च्याला गेला, तेव्हा मी त्याला शाब्बास म्हटलं होतं. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. 'नाही' म्हणणारी माणसं मुलांपुढे उभी करण्यातच जन्म गेला. मग माझ्याच भावाने 'नाही' म्हटलं तर त्याला कशी अडवणार?

पण गेल्या काही वर्षांत माझं मत बदललं. पुरतं नाही, अर्धं. जेवणाच्या ताटावर दादाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. त्याची नात त्याला हे पान फोनवर उघडून देते, हे मला माहीत आहे!

हेल्मेटची गोष्ट सुरू होते एका मरणापासून. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलचा भारी शौकीन. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये, आपल्या घराजवळच्या रस्त्यावर, सायकलवरची दोन मुलं अचानक समोर आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला. वय अवघं ४६.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. हे मरण त्याच्या मनातून गेलं नाही. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं. रात्री दिवे बंद, आणि त्या अंधारात सैन्याचे निरोपे मोटारसायकलवरून निरोप पोचवायला धावताहेत. केर्न्सने आकडे जमवले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार रस्त्यावर मेले होते. युद्धाच्या आधीच्या तेवढ्याच काळापेक्षा हा आकडा २१ टक्क्यांनी जास्त होता. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले त्याच्या पाहण्यात फक्त सात आले, आणि सातही वाचले. सात ही काही मोठी संख्या नव्हे, पण त्याने ते १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरच्या आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आता दादा म्हणेल, "बघ, सक्तीच केली ना शेवटी!" थांब. सैन्यात केली. नागरिकांना सक्ती झाली ती १ जून १९७३ रोजी, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी. केर्न्स १९५२ सालीच वारला होता. कायदा व्हायचा तेव्हाही वाद झालाच. प्रौढ माणसाला स्वतःच्या जिवाची जोखीम घ्यायचा हक्क आहे, असं इनॉक पॉवेलसारखा खासदार पार्लमेंटात भांडून सांगत होता. पुढे शीख लोकांनी आवाज उठवला. दोन महायुद्धांत आम्ही पगडी बांधून लढलो, तेव्हा लोखंडी टोप घाला असं कुणी म्हणालं नाही, आणि आता मोटारसायकलवर बसायला पगडी उतरवू? १९७६ साली पार्लमेंटाने वेगळा कायदा करून पगडीधारी शिखांना सूट दिली.

आणि एक होता फ्रेड हिल. गणिताचा निवृत्त मास्तर, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. त्यातून महायुद्धात मोटारसायकलवरचा निरोप्या म्हणून काम केलेला! केर्न्स ज्यांची डोकी वाचवायला धडपडला, त्यांच्यापैकीच एक. हा म्हातारा हेल्मेट घालायला साफ नकार द्यायचा. मऊ टोपी घालून गाडी चालवायचा, दंडाच्या पावत्या गोळा करायचा आणि दंड भरायचा नाही. मग तुरुंग. असा तो ३१ वेळा तुरुंगात गेला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, लंडनच्या पेन्टनव्हिल तुरुंगातच हृदयविकाराने वारला.

मंडळी, फ्रेड हिलबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं, आणि आजही वाटतं. स्वतःच्या म्हणण्याची किंमत त्याने स्वतः मोजली. दंड चुकवायला गल्लीबोळातून पळाला नाही, की चौकात मामा दिसला म्हणून हँडलला लटकवलेलं हेल्मेट घाईघाईने डोक्यावर ठेवलं नाही!

अमेरिकेत उलटी गोष्ट घडली. १९६६ साली तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना बजावलं, की हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांच्या निधीला कात्री लावू. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी कायदे केले. मोटारसायकलवाल्यांनी स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन मोर्चे काढले, १९७६ साली काँग्रेसने ती अट काढून टाकली, आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी कायदे रद्द केले किंवा सैल केले. जिथे सैल केले तिथे मरणाऱ्यांची संख्या वाढली. आज यात शंकेला जागा उरलेली नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम आहे. त्यात चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सांगितलंय आणि पगडीधारी शिखांना सूट आहे. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाविरुद्ध एक जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. संचारस्वातंत्र्यावर घाला येतो, असं त्याचं म्हणणं. १९८८ सालीच न्यायालयाने ते फेटाळलं. म्हणजे कायद्याचा प्रश्न केव्हाच मिटला. मिटला नाही तो मनातला.

मनातला प्रश्न जुना आहे, आणि पुण्याला तर फारच जुना. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद मी दरवर्षी वर्गात शिकवत असे. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायचं होतं. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करून शिरू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी. आगरकरांचं म्हणणं, पोरींचे हाल होताहेत, समाज शहाणा व्हायची वाट किती बघायची? 'सक्ती' या शब्दाने पुणेकराचं रक्त तापतं, त्यामागे असा जुना इतिहास आहे.

पण दादा, एक फरक आहे. त्या कायद्याने वाचणार होती ती दुसऱ्याची पोर. हेल्मेटने वाचतो तो आपण स्वतः. आगरकरांवर ज्याच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, त्या जॉन स्टुअर्ट मिलने 'ऑन लिबर्टी' या १८५९ च्या पुस्तकात नेमकी हीच रेघ ओढली आहे. दुसऱ्याला इजा होत असेल तर समाजाने अडवावं. स्वतःचंच नुकसान होत असेल तर समजवावं, विनवावं, पण जबरदस्ती करू नये. तुझं 'माझं डोकं माझं आहे' हे मिलचंच म्हणणं, फक्त सदाशिव पेठी मराठीत!

तर मी इतकी वर्षं मिलच्या आधारावर तुझ्या बाजूने उभी होते. मग हलले कशाने?

आमच्या शाळेतला एक मुलगा. नाव लिहीत नाही. तिसऱ्या बाकावर बसायचा, सनावळ्या तोंडपाठ. पानिपत म्हटलं की तारखेसकट उत्तर. पुढे चांगली नोकरी लागली, पेढे घेऊन आला होता. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात घराजवळच गाडी घसरली. वेग काही फार नव्हता. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं.

तो वाचला. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. त्याची आई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण दिसते माझ्याहून म्हातारी. त्याला घास भरवावा लागतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने मला ओळखलं, "बाई" म्हणाला आणि हसला. मला वाटलं, बरा होतोय. दहा मिनिटांनी पुन्हा "बाई" म्हणाला, जणू मी आत्ताच दारातून आले होते. त्याची आई म्हणाली, "बाई, याला एकट्याला ठेवून मला देवळातसुद्धा जाता येत नाही."

त्या दिवशी घरी येताना कळलं, की आपल्या वादात एक भोक आहे. 'फुटलं तर माझं फुटेल' म्हणताना आपण मनात धरतो, की माणूस एकतर धडधाकट राहील नाहीतर मरेल, आणि मेला की हिशोब मिटला. पण डोक्याला मार लागलेला माणूस पुष्कळदा जगतो. जगतो, पण डोकं त्याचं राहत नाही. काय खायचं, कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळं दुसऱ्याने ठरवायचं. त्याचं स्वातंत्र्य जातं आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईचंही.

मिल पुन्हा काढला. (माझं बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे त्याचं इंग्रजी मला शब्दकोश जवळ ठेवूनच वाचावं लागतं.) त्याने स्वतःच एक अपवाद सांगून ठेवलाय. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकायचा हक्क नाही, असं तो म्हणतो. कारण स्वातंत्र्य वापरून स्वातंत्र्यच कायमचं टाकून द्यायचं, हे त्या तत्त्वात बसत नाही. हेल्मेटबद्दल अर्थातच त्याने लिहिलेलं नाही. पण मला तरी तो मुलगा त्या अपवादात बसलेला दिसतो. हेल्मेट ज्याचं रक्षण करतं, त्यातच तर आपलं 'नाही' म्हणायचं बळ राहतं!

मग उरलेलं अर्धं मत दादाकडे का? कारण सक्ती कशी राबवतात त्यालाही महत्त्व आहे. १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांना वेगळं ठेवणं वैद्यकाच्या दृष्टीने गरजेचं होतं. पण घराघरात सोजीर घुसवल्यावर लोकांना रोगापेक्षा उपाय भयंकर वाटला. त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. आपल्याकडची हेल्मेटसक्ती तेवढी भयंकर नाही हे उघड आहे. पण ती येते ती लहर आल्यासारखी. चार महिने पावत्या, मग सामसूम. रस्त्यातला खड्डा तसाच, आणि पावती मात्र खड्ड्यात पडणाऱ्याला. केर्न्सने आधी मोजलं, मग दाखवलं, मग पटवलं, आणि नागरिकांसाठी कायदा आला तो सगळ्यात शेवटी. आपल्याकडे कायदा आधी आला आणि पटवायचं राहूनच गेलं. त्यामुळे लोक हेल्मेट घालतात ते पोलिसासाठी, डोक्यासाठी नाही.

तुझा एक प्रश्न राहिला. शिखांना सूट, मग मला का नाही? अरे, त्यांच्या पगडीमागे श्रद्धा आहे. तुझी तक्रार मान अवघडते, घाम येतो आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही आहे. तक्रार खरी आहे, पण त्यासाठी फ्रेड हिलसारखा ३१ वेळा तुरुंगात जाशील का? नाही ना? मग ते तत्त्व नव्हे, ती गैरसोय.

आणि आता शेवटचं. २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातात गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेल्यांना कुणी काही विचारलं होतं का? मीही यांच्या स्कूटरवर मागे बसून सगळं पुणं पाहिलं, डोक्यावर फक्त अंबाडा. हे स्वातंत्र्यावर कधी बोलले नाहीत, आणि मलाही कधी सुचलं नाही. आम्ही वाचलो ते नशिबाने, तत्त्वाने नव्हे.

दादा, तुझ्या मागे वहिनी बसते. रविवारी निघताना तिने मला दाराशी हळूच विचारलं, "बायकांसाठी हलकं हेल्मेट मिळतं का हो, वन्सं?" तुझ्यासमोर विचारलं नाही. तुझं डोकं तुझं आहे, मान्य. तिचं कुणाचं आहे, ते एकदा तिलाच विचार.

असो. येत्या शनिवारी आम्ही दोघी दुकानात जाणार आहोत. यायचं तर ये.