ब्रेनस्टॉर्म फोर्सची वाटचाल : बिल्डर दुसऱ्यांचे, जोड पुण्याची

2009 मध्ये सुजय पवार आणि निखिल चव्हाण यांनी पुण्यात ब्रेनस्टॉर्म फोर्स सुरू केली. सुरुवातीचं काम सरळ होतं : गिऱ्हाइकांना वेबसाइट बनवून द्यायच्या. तेव्हा वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर पानाची मांडणी बदलायची तर कोडला हात लावावा लागे. मांडणीतल्या छोट्या बदलालाही डेव्हलपरला फोन.

पुढे ‘व्हिज्युअल कंपोझर’सारखे, माउसने ओढून पान रचायचे पेज बिल्डर आले. ब्रेनस्टॉर्मने त्यांच्याशी स्पर्धा केली नाही. त्यांच्यात जे कमी होतं ते पुरवलं. व्हिज्युअल कंपोझर, मग बीव्हर बिल्डर, मग एलिमेंटर, प्रत्येकासाठी ‘अल्टिमेट अ‍ॅडऑन्स’ ही जोड-साधनं निघाली.

2017 मध्ये आली ‘अ‍ॅस्ट्रा’ ही कंपनीची थीम, म्हणजे वेबसाइटचं रूप ठरवणारा साचा. वजन 50 केबीच्या आत, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज नाही आणि कुठल्याही बिल्डरशी जमवून घेणारी. पण नवख्या माणसाचं घोडं बहुतेकदा कोऱ्या पानापाशीच अडतं. म्हणून कंपनीने तयार साच्यांचा साठा उभा केला. आज तो ‘स्टार्टर टेम्प्लेट्स’ म्हणून ओळखला जातो.

समजा, खडकवासल्याला धरणाच्या काठी कोणी कृषी पर्यटन केंद्र चालवतं. उपाहारगृहाचा साचा निवडून ‘इम्पोर्ट’ केलं की मेन्यू, फोटो, संपर्काचं पान, सगळं भरलेलं मिळतं. साच्यातल्या कॉफीच्या कपावर क्लिक करायचं, ‘रिप्लेस’ दाबायचं आणि पिठलं-भाकरीचा फोटो टाकायचा. मथळा देवनागरीत लिहिला की वेलांट्या-मात्रा कधी कधी वरच्या ओळीला भिडतात. तेव्हा ‘लाइन हाइट’ थोडी वाढवायची. शेवटी मोबाइलच्या चिन्हावर क्लिक करून छोट्या पडद्यावर पान कसं दिसतं ते पाहायचं, कारण पुण्याहून रविवारी निघणारा माणूस ते फोनवरच उघडणार.

2018 च्या डिसेंबरमध्ये वर्डप्रेसने ‘गुटेनबर्ग’ हा स्वतःचा ब्लॉक एडिटर आणला. बिल्डरवाल्यांना आव्हान आलं, पण इथे जुनीच रीत कामी आली : त्याच वर्षी गुटेनबर्गसाठीचे अ‍ॅडऑन्स आले, आणि 2022 मध्ये त्यांचं नाव ‘स्पेक्ट्रा’ झालं.

2020 मध्ये अ‍ॅस्ट्रा दहा लाख वेबसाइटवर पोहोचली. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीम वगळल्या तर हा टप्पा गाठणारी ती पहिलीच. त्याच सुमारास अ‍ॅफिलिएट (कमिशन मिळवून देणाऱ्या) दुव्यांशी संबंधित कोड नियमात बसत नाही म्हणून अधिकृत थीम-संग्रहातून ती निलंबितही झाली. कोड काढल्यावर परतली. दुसऱ्याच्या अंगणात दुकान मांडलं की तिथले नियम पाळावेच लागतात, आणि ही कंपनी पहिल्यापासून दुसऱ्याच्याच अंगणात आहे.

आता कंपनीच्या ‘झिपडब्ल्यूपी’ या साधनात व्यवसायाचं चार ओळींत वर्णन लिहिलं की एआय पानांचा कच्चा आराखडा मांडतो. खडकवासल्याच्या त्या केंद्रातल्या हुरडा पार्टीचा यंदाचा दर आणि सोमवारची सुट्टी मात्र मालकालाच भरावी लागते. ती दुरुस्ती त्याला कोणालाही फोन न लावता करता आली, तर सॉफ्टवेअर कामाचं.